निसरडा रस्ता आणि मागच्या चाकांची मोटार

युरोप-अमेरिकेत हिमवर्षाव सुरू झाला, की अनेक स्पोर्ट्स कार वसंत ऋतूपर्यंत गॅरेजमध्ये बंद होतात. या मोटारींपैकी बऱ्याच 'रिअर व्हील ड्राइव्ह' असतात, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. पनवेलला बर्फ पडत नाही. पण मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जवळच्या कळंबोलीतून सुरू होतो, पळस्प्याहून गोव्याची वाट फुटते आणि जून ते सप्टेंबर हे दोन्ही रस्ते ओलेचिंब असतात. त्यामुळे बर्फावरील धडे येथेही तितकेच उपयोगी ठरतात.

एकेकाळी ही रचना आपल्याकडे सर्रास होती. अॅम्बेसेडर आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मागच्या चाकांवरच धावत. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८००ने पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना घरोघरी नेली. तरीही बोलेरो, ईको यांसारखी वाहने आणि बहुतेक मालवाहू गाड्या आजही मागच्या चाकांवर चालतात.

मागचा भाग का घसरतो?

टायरची पकड मर्यादित असते. वळणावर ती गाडीला वळवण्यात खर्च होत असताना अॅक्सिलरेटर जोरात दाबला, तर मागची चाके जागेवरच फिरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. स्पोर्ट्स कारची जादा शक्ती व रुंद टायर हा धोका वाढवतात. मागे वजन नसलेल्या रिकाम्या पिकअपचीही तीच गत होते.

कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७, ओल्यावर ०.४, तर दाबलेल्या बर्फावर ०.२ धरला जातो. या हिशेबाने ताशी ८० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लागल्यावर अनुक्रमे ३६, ६३ व १२६ मीटरवर थांबते. पहिल्या सरींत तेल, धूळ आणि पाणी यांचा थर बसल्याने रस्ता अधिकच निसरडा होतो.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला, तर स्टिअरिंग निरुपयोगी ठरते. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल आणि पाण्याची खोली खाचांपेक्षा जास्त असेल, तर ताशी सुमारे ९० किलोमीटरलाच हे घडू शकते. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. मुसळधार पावसात ही मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे.

काय करावे?

● वेग वळणाआधीच कमी करावा. वळणात ब्रेक वा अॅक्सिलरेटर अचानक दाबू नये.

● खंडाळ्याहून बोरघाट उतरताना खालचा गिअर वळणापूर्वीच टाकावा व क्लच हळू सोडावा. एकदम गिअर उतरवल्यास मागची चाके अडखळून घसरतात. न्यूट्रलमध्ये घाट कधीही उतरू नये.

● मागचा भाग घसरल्यास ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर हळू सोडावा. मागचा भाग ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे आणि गाडी सावरताच सरळ करावे.

● टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्याची वाट पाहू नये. पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत.

एबीएस चाके जाम होऊ देत नाही, स्थिरता-नियंत्रण यंत्रणा घसरती गाडी सावरू पाहते. मात्र दोन्ही यंत्रणा टायरच्या पकडीवरच अवलंबून असतात. पकड नसेल तेथे ती निर्माण करणे त्यांना शक्य नाही. म्हणूनच बर्फ असो वा पाऊस, वेग आवरणे हाच खरा उपाय ठरतो.