गोठ्यातून हृदयाच्या झडपेपर्यंत

सेवाग्राम म्हटलं की बापू, चरखा आणि शेळीचं दूध आठवतं. आजची गोष्टही शेळीच्या दुधाचीच, पण तिची सुरुवात होते भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर.

तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने ताप यायचा. १८८७ मध्ये लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जंतू सापडला. पण तो येतो कुठून? हे कळायला आणखी १८ वर्षं लागली. १९०५ मध्ये माल्टाच्याच डॉ. झामिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला ठणठणीत, रक्तात मात्र जंतूची खूण! १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. जंतूचं नाव पडलं ब्रुसेला.

आता हृदयाकडे येऊ. ब्रुसेला झालेल्या शंभरातल्या जेमतेम एक-दोघांच्या हृदयाच्या झडपेपर्यंत हा जंतू पोहोचतो. पण या आजारात जे दगावतात, त्यातले बहुतेक यामुळेच. तो रक्ताच्या कल्चरमध्ये सावकाश वाढतो. जुन्या पद्धतीत तर आठवडे लागायचे. रिपोर्ट ‘काही वाढलं नाही’ म्हणतो आणि तिकडे झडप खराब होत राहते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलं माहीत आहे: लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं नसतं.

मग शोध कसा लागतो? एका साध्या प्रश्नाने: “घरी जनावरं आहेत का?” वर्धा म्हणजे गवळाऊ गाईंचा मुलूख. गाय गाभडली की जार उघड्या हातांनी उचलला जातो, धारोष्ण दूध प्यायलं जातं. जंतूला एवढी वाट पुरते.

म्हणून सेवाग्रामची एक पद्धत मला फार मोलाची वाटते. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी इथे मेडिकल कॉलेज सुरू केलं. इथली प्रत्येक नवी बॅच एक गाव दत्तक घेते, तिथे जाऊन राहते. ज्याने गोठा पाहिलाय, त्याला हा प्रश्न आपसूक सुचतो.

२०१९ पासून सरकार ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना ब्रुसेलाची लस देतंय. तेवढ्यात आपण काय करायचं? दूध उकळायचं, जार उचलताना हातमोजे घालायचे. आणि ताप हटतच नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता गोठ्याचं आपणच सांगायचं.