मुलामा नव्हे, मढवण

आयव्हरी कोस्टच्या मध्यभागी राहणाऱ्या बाउले लोकांच्या सोनेरी वस्तू संग्रहालयात पाहिल्या की दोन शेरे हमखास कानावर येतात. पहिला असा की, हे सोनं नव्हेच, लाकडावर पत्रा चढवला आहे. ऐपत नसलेल्यांची ऐट. दुसरा असा की, ही राजचिन्हं आहेत आणि तीही पूर्वेकडच्या असांते राज्याच्या दरबाराची नक्कल.

आधी दुसऱ्याचा समाचार घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. बाउले आणि असांते दोघेही अकान कुळातले. परंपरा सांगते की अठराव्या शतकात अब्ला पोकू राणी असांतेतल्या गादीच्या भांडणातून आपली माणसं घेऊन पश्चिमेला आली आणि कोमोए नदी ओलांडताना तिने पोटचं पोर नदीला दिलं. सोनं घडवायची विद्या त्या बाजूची, हे मान्यच. पण विद्या आली म्हणून दरबार आला असं होत नाही. असांतेसारखी बळकट केंद्रसत्ता बाउले मुलखात रुजली नाही; कारभार गावापुरता आणि घराण्यापुरता राहिला. मग इथलं सोनं कोणत्या सिंहासनाची शोभा वाढवणार? ते आहे घराण्याच्या ठेव्यातलं. कुटुंबप्रमुख त्याचा धनी नसतो, राखणदार असतो. एरवी हा ठेवा बंद असतो. घरातलं मोठं माणूस गेलं की तो बाहेर निघतो आणि दर्शनासाठी ठेवलेल्या देहाभोवती मांडला जातो. पूर्वजांनी काय जोडलं आणि पुढच्यांनी काय राखलं, याचा तो गावासमोर मांडलेला हिशेब असतो. नक्कल म्हणणाऱ्यांनी घाट पाहिला, जागा पाहिली नाही.

आता पहिला शेरा. एक चवरी जवळून पाहा. मूठ लाकडाची, तिच्यावर बारीक रेघांची नक्षी कोरलेली. सोनं ठोकून पातळ पत्रा केला, तो मुठीवर बसवून खाचांत असा दाबला की खालची नक्षी वर उमटली. कडा डिंकाने किंवा बारीक टाचण्यांनी पक्क्या केल्या. टोकाला शेपटीच्या केसांचा झुबका. यात लपवाछपवी कुठे आहे? आणि फसवायचं तरी कोणाला? एकेकाळी या मुलखात सोन्याची पूड हेच चलन होतं. ती तोलायची पितळी वजनं घराण्याच्या ठेव्यात जपली जात. गुंज-गुंज सोनं जोखणाऱ्यांना मुठीच्या आत लाकूड आहे हे कळणार नाही, असं मानणं म्हणजे त्यांना भाबडं ठरवणं. शिवाय ठरवलं तर भरीव सोनं ओतणं त्यांच्या हातचं होतं: मेणाच्या नमुन्यावरून ओतलेले मुखवट्यांचे, मेंढ्यांचे, मगरींचे लोलक हेच लोक करत. म्हणजे लाकूड निवडलं ते नाइलाजाने नव्हे. चवरी हातात धरून हलवायची असते, सोनेरी टोपी डोक्यावर घालायची असते. तिथे भरीवपणाचा काय उपयोग?

घोटाळा आपल्या शब्दात आहे. ‘मुलामा’ म्हटलं की खोटेपणाचा वास येतो. पण आपल्याकडे गाभाऱ्याचं दार चांदीने मढवतात, कळसावर सोन्याचा पत्रा चढवतात. आत लाकूड किंवा तांबं आहे म्हणून कोणी देवस्थानाला लबाड म्हणत नाही. मुलाम्याने हलकं ते भारी भासवायचं असतं. मढवून आधीच मान असलेल्या वस्तूचा मान दाखवायचा असतो. बाउले चवरी दुसऱ्या जातीची.

अमेरिकन अभ्यासक सुझन व्होगेल यांनी 1997 साली बाउले कलेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा एक मुद्दा इथे नेमका लागू पडतो: बाउलेंच्या लेखी ज्या वस्तूंचं मोल मोठं, त्या ते क्वचितच पाहतात. संग्रहालयात त्याच वस्तू रोज सकाळी दिवे लावून दाखवतात. अष्टौप्रहर उजेडात ठेवलेलं सोनं ऐट वाटणारच. ते वर्षानुवर्षं मिटलेलं असतं आणि कोणाच्या तरी उशाशी उलगडतं, हे काचेपलीकडून दिसत नाही.