तांबे वाचले, जहाज रखडले

सर हम्फ्री डेव्ही हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला भेटते ते बहुधा कोलरिजचा मित्र म्हणून. ‘लिरिकल बॅलड्स’च्या १८०० सालच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते विरामचिन्हांसाठी नजरेखालून घालावीत, अशी विनंती वर्डस्वर्थने याच तरुण रसायनशास्त्रज्ञाला केली होती. या डेव्हीच्या चरित्रातले एक प्रकरण ‘अपयश’ म्हणून नोंदले जाते. ते पुन्हा वाचण्याजोगे आहे.

लाकूड पोखरणारे किडे आणि शेवाळ यांपासून बचाव व्हावा म्हणून १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेले होते. मात्र जिथे वेष्टनाचा तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. याची उकल त्या वेळी शक्य नव्हती. व्होल्टाची विद्युतघटमाला जगापुढे यायला १८०० साल उजाडावे लागले. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज वाहते आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू विरघळतो.

तांब्याचे पत्रे लवकर झिजतात, ही तक्रार घेऊन आरमाराचे अधिकारी १८२३ मध्ये डेव्हीकडे आले. ‘अलार्म’वर जे संकट ठरले होते, त्याचाच त्याने उपाय केला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजेल आणि तांबे वाचेल. असे संरक्षण तांब्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे दीडशेाव्या हिश्शाएवढ्या तुकड्यानेही साधते, असे त्याला आढळले. या प्रयोगांत मायकेल फॅरडेचाही हातभार होता. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजाला १८२४ मध्ये बिडाचे ठोकळे बसवण्यात आले. नोव्हा स्कोशियाची सफर करून ते परतले तेव्हा तांबे उत्तम राहिले होते.

परंतु असे ठोकळे लावलेल्या जहाजांच्या तळांना शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटू लागले. जहाजे जड झाली, त्यांचा वेग मंदावला. तांबे विषारी ठरत होते ते त्याच्या झिजण्यामुळेच. झीज थांबली आणि विषही संपले. ठोकळे काढण्याचा हुकूम १८२५ मध्ये सुटला. डेव्हीला उपहास सोसावा लागला. १८२९ मध्ये जिनिव्हा येथे त्याचे निधन झाले.

पुढे जहाजे लोखंडाची झाली आणि चिकटणाऱ्या जीवांना रोखण्याचे काम रंगाकडे गेले. डेव्हीचा जस्ताचा तुकडा मात्र परत आला. आज धक्क्याला बांधलेल्या बोटींच्या तळाशी, पंख्याच्या दांड्यावर तो दिसतो. किनाऱ्यावरून वीज घेणाऱ्या बोटी अर्थिंगच्या तारेने परस्परांशी जोडल्या जातात. तेव्हा एका बोटीचे जस्त शेजारच्या बोटीसाठी झिजू लागते. म्हणून त्या तारेत हा क्षीण प्रवाह अडवणारे साधन बसवावे लागते.

डेव्हीचा सिद्धान्त चुकला नव्हता. संरक्षण कशाचे करायचे, तांब्याचे की जहाजाच्या गतीचे, हा प्रश्न मात्र आरमाराने विचारला नव्हता आणि त्यानेही स्वतःला वेळेवर विचारला नाही. चरित्रकार ज्याला अपयश म्हणतात ते या न विचारलेल्या प्रश्नाचे आहे, असे म्हणावेसे वाटते.