आपत्तीतील स्वयंसेवी वैद्यकीय सेवा : खानदेशच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

इ. स. १८७२ साली पांझरा नदीस मोठा पूर येऊन धुळे शहराची फार हानी झाली. इंपिरियल गॅझेटियरने या घटनेची दखल घेतली आहे, ती घरे व मालमत्ता यांच्या नुकसानीपुरतीच. जखमींच्या जखमा कोणी बांधल्या, आजाऱ्यांच्या उशाशी कोण बसले, हे त्या एका वाक्यावरून कळत नाही. सरकारी दप्तर पडलेली घरे मोजते; आपण होऊन धावून आलेल्या माणसांची गणती करणे हे त्याचे प्रयोजनच नव्हे. ही उणीव भरून काढण्याचे काम इतिहासकाराचे होय.

स्वयंसेवकाने पगारी यंत्रणेहून वेगळे असे काय दिले, हा येथील मूळ प्रश्न आहे. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळातून खानदेशही सुटला नाही. मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवर हजारो माणसे एकत्र आली, पाणी दूषित झाले आणि उपासमारीच्या जोडीला पटकी आली. सरकारने कामांवर दवाखान्यांची तजवीज केली होती. परंतु औषध उपलब्ध असणे आणि रोग्याने ते विश्वासाने घेणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

हा भेद १८९७ च्या पुण्यातील प्लेगात स्पष्ट दिसतो. रोगाची साथ व नदीचा पूर यांचे स्वरूप एक नव्हे, हे मान्य. तथापि शुश्रूषेचा प्रश्न दोहोंत सारखाच. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरनजीकच्या दवाखान्यात रोग्यांना आणून त्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच महिन्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडती आरंभिली. तिच्याविषयीचा लोकक्षोभ इतका विकोपास गेला की २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रोग एकच, शहरही एकच; एका ठिकाणी विश्वास होता, दुसऱ्या ठिकाणी सक्ती. स्वयंसेवकाची खरी देणगी हा विश्वास होय, आणि कोणत्याही तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांचे ओझे यांखाली सुमारे आठ हजार माणसे दगावली. धाब्याच्या घरांत राहणाऱ्या खानदेशी वाचकास त्या मृत्यूचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लातूर व सोलापूरच्या रुग्णालयांत जखमींची रीघ लागली आणि ठिकठिकाणांहून वैद्यकीय पथके आली. अस्थिभंगावरील उपचार काही आठवड्यांत आटोपतात. आप्त गमावलेल्यांच्या मनाचे दुखणे वर्षानुवर्षे टिकते. म्हणून आपत्तीतील सेवेचे मोल पहिल्या दिवसाच्या धावपळीवरून ठरवू नये. मागे कोण राहिले, हे पाहिले पाहिजे.

खानदेशात या प्रश्नास आणखी एक अंग आहे, ते भाषेचे. दुखणाईत माणूस आपली वेदना अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत सांगतो. ती भाषा जाणणारा स्थानिक मदतनीस जवळ नसेल, तर बाहेरून आलेल्या निष्णात डॉक्टराचेही ज्ञान अर्धे वाया जाते. असा मदतनीस बहुधा निनावीच राहतो.

तेव्हा जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अभ्यासकांनी दवाखान्यांच्या नोंदवह्या, खाजगी रोजनिश्या, पत्रे व स्थानिक वृत्तपत्रे यांचा शोध घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. १९९३ साली तरुण वयात किल्लारीस गेलेले डॉक्टर व परिचारिका आज उतारवयात आहेत. त्यांच्या आठवणी आताच नोंदविल्या नाहीत, तर पांझरेच्या पुराप्रमाणे याही आपत्तीच्या इतिहासात पुढील पिढीस केवळ पडलेल्या घरांची संख्या तेवढी सापडेल.