भूचुंबकीय पुच्छ

सूर्यापासून सतत वाहणाऱ्या सौर वातामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसाच्या बाजूस दाबले जाते व रात्रीच्या बाजूस धूमकेतूच्या शेपटाप्रमाणे ताणले जाते. या ताणलेल्या भागास भूचुंबकीय पुच्छ म्हणतात. दिवसाच्या बाजूस चुंबकांबराची सीमा पृथ्वीपासून सु. १० पृथ्वी-त्रिज्या (१ त्रिज्या = सु. ६,३७० किमी.) अंतरावर असते, पुच्छ मात्र शेकडो त्रिज्यांपर्यंत पसरलेले असते. सु. ६० त्रिज्या अंतरावरील चंद्र पौर्णिमेच्या सुमारास काही दिवस त्यातून जातो.

सूर्याकडून येणारा आयनीभूत वायू पृथ्वीचे क्षेत्र एका पोकळीत कोंडतो, ही कल्पना सिडनी चॅपमन व व्ही. सी. ए. फेरारो यांनी १९३०–३१ मध्ये मांडली. हा प्रवाह अखंड असतो, असे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये दाखविले. १९६१ मध्ये जेम्स डंजी यांनी पुढील पाऊल टाकले. सौर वाताच्या व पृथ्वीच्या क्षेत्ररेषा दिवसाच्या बाजूस तुटून परस्परांशी जोडल्या जातात, मागे ओढल्या जातात आणि रात्रीच्या बाजूस पुन्हा जोडल्या जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या ‘पुनर्जोडणी’ला हान्नेस आल्फव्हेन यांच्यासारख्या अग्रगण्य शास्त्रज्ञाचा विरोध होता, त्यामुळे हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त राहिला.

पुच्छाचा प्रत्यक्ष पुरावा नोव्हेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या एक्सप्लोरर–१८ या कृत्रिम उपग्रहाने दिला. नॉर्मन नेस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार पुच्छाच्या उत्तर भागातील क्षेत्र पृथ्वीकडे व दक्षिण भागातील क्षेत्र पृथ्वीपासून दूर रोखलेले असते आणि त्यांच्यामध्ये एक पातळ उदासीन स्तर असतो. या स्तराभोवती उष्ण आयनद्रायूचा (विद्युत् भारित कणांच्या, पण एकंदरीत उदासीन असलेल्या वायूचा) जाड थर असतो, हे व्हेला उपग्रहांच्या निरीक्षणांवरून समजले.

दूरस्थ पुच्छाचे पद्धतशीर समन्वेषण आयसी–३ या यानाने १९८२–८३ मध्ये केले. सु. २२० त्रिज्यांपलीकडेही (सु. १४ लक्ष किमी.) पुच्छाची द्विभागी रचना टिकून असल्याचे आढळले. सु. १०० त्रिज्यांपलीकडे आयनद्रायू बहुधा पृथ्वीपासून दूर, सेकंदाला शेकडो किमी. वेगाने वाहतो. पुनर्जोडणी त्याआधीच होत असेल, तर प्रवाहाची दिशा अशीच असावयास हवी. चुंबकीय उपवादळानंतर सु. अर्ध्या तासाने आयनद्रायूचे प्रचंड गोळे यानावरून जात. त्या वेळी क्षेत्राची दिशा प्रथम उत्तरेकडे व नंतर दक्षिणेकडे वळे. पुच्छाचा तुकडा तुटून वाहून जात असल्याची ही खूण होय. जपान व अमेरिका यांच्या जिओटेल (१९९२–२०२२) यानाने या निष्कर्षांना पुष्टी दिली.

उपवादळाची सुरुवात नेमकी कोठे होते, हा प्रश्न मात्र उरला होता. २६ फेब्रुवारी २००८ रोजी थेमिस उपग्रहसमूहाने सु. २० त्रिज्यांवरील पुनर्जोडणी ध्रुवीय प्रकाश उजळण्यापूर्वी सु. दीड मिनिट टिपली. प्रत्येक उपवादळात हाच क्रम असतो की नाही, याबाबत मतभेद आहेत.

पुच्छात साठलेली ऊर्जा मोकळी झाली म्हणजे तिचा काही भाग ध्रुवीय प्रकाशात प्रकटतो. तीव्र चुंबकीय वादळात जमिनीवरील तारांतही विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळामुळे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा सु. ९ तास खंडित झाला होता. लाखो किमी. दूरच्या विरळ आयनद्रायूच्या अभ्यासास व्यावहारिक महत्त्व आले, ते यामुळेच.