मुंबई ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती?

उमरा किंवा हजला निघालेल्या घरात पहिला प्रश्न हाच असतो, की विमानाला किती तास लागतात? तिकिटावरच्या वेळा पाहून आपण वजाबाकी करतो आणि तिथेच हिशोब चुकतो.

मुंबई विमानतळ ते जेद्दाचे किंग अब्दुलअझीझ विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. प्रवासी विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे चार तासांत पोहोचायला हवे, पण थेट विमानालाही पाच ते साडेपाच तास धरावे लागतात. धावपट्टीवर थांबणे, वर चढणे, खाली उतरणे आणि ठरलेल्या हवाई मार्गाची वळणे यांत वेळ जातो. शिवाय खूप उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास बहुतेक वेळा थोडा लवकर संपतो.

आता घड्याळ पाहू. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. मुंबईहून सकाळी १० ला निघालात आणि साडेपाच तास लागले, तर जेद्दात दुपारचा १ वाजलेला असतो. तिकीट पाहून तीनच तास वाटतात! उलट, जेद्दाहून सकाळी १० ला निघून पाच तास लागले, तर मुंबईत संध्याकाळचे साडेपाच होतात. घरात कुणाला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डोसच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम शंभरेक किलोमीटरने वाढते, पण तिथली थांबायची वेळ कित्येक तासांची असू शकते. वयस्कर अम्मी-अब्बांसोबत स्वस्त तिकीट घेताना हे जरूर पाहा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मीकातची. थेट मक्केला जाणाऱ्यांची मीकात जेद्दात उतरण्याआधी हवेतच येते आणि विमान ती काही मिनिटांत ओलांडते. बहुतेक विमानांत तशी घोषणा होते, पण डोळा लागला तर ती ऐकू येत नाही. म्हणून इहरामचे कपडे मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या सामानात ठेवा. घरी किंवा विमानतळावरच ते नेसून घेतले तर उत्तम. उतरायच्या तासभर आधी नियत आणि तलबियासाठी तयार राहा. आधी मदिनेला जाणाऱ्यांना विमानात इहरामची गरज नसते. मदिनेहून मक्केला निघताना त्यांची मीकात जुल-हुलैफा, म्हणजेच अब्यार अली, येथे असते.

१९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात आणि वाटेत कित्येक दिवस लागत. आज तोच प्रवास एका दिवसात होतो. मात्र विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, इमिग्रेशन, सामान आणि जेद्दाहून मक्केपर्यंतचा रस्ता धरला, तर घरापासून हॉटेलपर्यंत पंधरा-सोळा तासांची तयारी ठेवूनच निघावे.