हलकेपणाचा हिशेब : बार्शीच्या रुळांपासून शर्यतीच्या मैदानापर्यंत

१/
हलकी गाडी वेगाने धावते. पण ती टिकते का? शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांना हा प्रश्न आरंभापासून छळत आला आहे. सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासालाही तो अपरिचित नाही. बार्शीची छोटी आगगाडी, सोलापुरात जन्मलेला एक उद्योगपती, कुर्ल्याचा कारखाना आणि इटलीतील एक जीवघेणा अपघात यांना जोडणाऱ्या हिशेबाची ही कथा. #थ्रेड

२/
१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा तिचा पहिला मार्ग. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉपचा दंडक एकच होता : कोणत्याही एक्सलवर पाच टनांहून अधिक भार नको, आणि इंजिन असो वा डबा, तो भार सर्व एक्सलांवर सारखा वाटलेला हवा. त्यामुळे कमी खर्चाच्या बारीक रुळांवरूनही भरगच्च गाड्या धावू शकल्या.

३/
याच रेल्वेच्या विस्ताराचे काम घेऊन एका तरुणाने कंत्राटदारीला प्रारंभ केला. त्याचे नाव वालचंद हिराचंद. जन्म सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२. भागीदार होते लक्ष्मणराव फाटक. पुढे जहाजे, विमाने, साखर अशा अनेक क्षेत्रांत वालचंदांनी पाऊल टाकले. मोटार कारखान्याची त्यांची योजना मात्र ब्रिटिश सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उचलून धरली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

४/
१९५३ मध्ये वालचंद निवर्तले. पुढच्याच वर्षापासून कुर्ल्यात नव्या घडणीची फियाट ११०० तयार होऊ लागली. आपल्या आजोबांच्या पिढीची लाडकी ‘डुक्कर फियाट’ ती हीच. इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन सुमारे ९०० किलो. तिच्यासमोर उभी होती हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर : १४८९ सीसी, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती आणि अकराशे किलोंच्या पुढचे वजन.

५/
आता त्रैराशिक मांडून पाहा. दर टनामागे दोघींच्या वाट्याला जवळपास सारखीच अश्वशक्ती येते. मग शर्यतीत फरक कुठे पडतो? तो वळणावर आणि ब्रेकवर पडतो. गतीची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच वेगावरून थांबताना जड गाडीच्या ब्रेकांना अधिक उष्णता सोसावी लागते. वळणावर टायरवर येणारा आडवा ताणही वजनाबरोबर वाढतो. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा फियाट, हेराल्ड अशा छोट्या गाड्यांना मागणी असे, त्यामागे हा हिशेब होता.

६/
तरीही फियाट ही कुटुंबाची गाडी होती. केवळ मैदानासाठी घडवलेली गाडी कशी असते, हे पाहण्यासाठी इंग्लंडकडे वळावे लागते. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आणली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दारे नाहीत, छप्पर जेमतेम. तिच्या आरंभीच्या आवृत्तीत फोर्डच्या साध्या प्रवासी गाडीचे ११७२ सीसीचे इंजिन होते आणि त्याची शक्तीही चाळीसच्या आसपासच. वजन मात्र फियाटच्या जवळपास निम्मे! इंजिनात चमत्कार नव्हता. जे काढून टाकले, त्यात तो होता.

७/
अशा गाडीवर भरवसा ठेवता येत असे का? १९५७ च्या ल माँ शर्यतीत याचे एक उत्तर मिळाले. चोवीस तास अखंड धावण्याची ही शर्यत म्हणजे यंत्राच्या सहनशक्तीची कसोटी. इंजिनाच्या आकाराच्या मानाने कोण किती अंतर कापतो, यासाठी तेथे वेगळा बहुमान होता. तो त्या वर्षी ७४४ सीसीच्या चिमुकल्या ‘लोटस इलेव्हन’ने पटकावला.

८/
तिच्या इंजिनाचे कूळ पाहण्यासारखे आहे. अग्निशमन दलासाठी सहज हलवता येईल, असा हलका पंप ब्रिटिश सरकारला हवा होता. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने त्यासाठी ॲल्युमिनियमचे इंजिन घडवले आणि पुढे त्याचेच रूप मोटारींसाठी सिद्ध केले. त्यातील १०९८ सीसीचे इंजिन सत्तरहून अधिक अश्वशक्ती देई. जवळपास तेवढ्याच आकाराची आपली फियाट चाळिशीत होती. आग लागताच हाकेला धावून पूर्ण जोर देणे हा ज्या इंजिनाचा मूळ धर्म, ते शर्यतीत टिकले, यात नवल कसले?

९/
पण वजन घटवण्याचा मोह कुठे थांबवायचा? मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या माँजुईक मार्गावर दोन लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांनाही अपघात झाला. त्यानंतर रिंट यांनी चॅपमनना पत्र लिहिले. आशय असा : तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत, की दुबळ्या भागांत थोडे वजन घालून ते मजबूत केले, तरी आपण मागे पडणार नाही.

१०/
५ सप्टेंबर १९७० रोजी माँझा येथे सराव करताना रिंट यांची लोटस ७२ कठड्यावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटून अपघात घडला, असा निष्कर्ष निघाला. कठड्याची सदोष उभारणीही प्राणघातक ठरली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. सर्वांत वेगवान गाडी त्यांच्याकडेच होती, यात शंका उरली नाही.

११/
भारतातील मार्ग वेगळा पडला. येथे महागडी इंजिने नव्हती. म्हणून बाजारात सुटे भाग मिळतील, असेच इंजिन घेऊन भोवती हलकी गाडी रचली गेली. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर एकआसनी शर्यतगाड्या घडवल्या. २००५ मध्ये फॉर्म्युला वन गाठणारे नारायण कार्तिकेयन यांची सुरुवात फॉर्म्युला मारुतीतूनच झाली. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली. तिचे १.८ लिटरचे इसुझू इंजिन अँबॅसडरमध्येही बसत असे. टॅक्सीचे काळीज आणि शर्यतीची काया!

१२/
या गाड्या शेजारी उभ्या केल्या, की कौल स्पष्ट दिसतो. इंजिन साधे आणि परिचित असेल, तर हलकी गाडी भरवशाचीही होते. कारण भार कमी म्हणजे ब्रेक, टायर, बेअरिंग साऱ्यांचे कष्ट कमी. मात्र ज्या भागावर चालकाचा जीव अवलंबून आहे, त्यातून वजन काढले, की तोच हलकेपणा घातक ठरतो. वजन कुठून काढायचे नाही, हे ज्याला कळले, तो खरा कारागीर.

१३/
हे कॅलथ्रॉप यांनाही फार जवळून कळले. रोल्स-रॉइस कंपनीचे चार्ल्स रोल्स हे त्यांचे मित्र. १९१० मध्ये बोर्नमथ येथे रोल्स यांच्या विमानाचा शेपटाकडचा भाग हवेत मोडला आणि ते मृत्युमुखी पडले. त्यानंतर बार्शीच्या रेल्वेचा हा जनक वैमानिकांसाठी पॅराशूट घडवण्याच्या मागे लागला. त्याचे नाव ठेवले ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना मात्र पॅराशूट दिले गेले नाही. त्यासाठी पुढे केलेल्या कारणांपैकी एक होते : विमानाचे वजन वाढते.

१४/
एक्सलवरच्या टनाटनाचा हिशेब ठेवणारा हा माणूस, पण काही किलोंचे ओझे विमानात असलेच पाहिजे, यासाठी तो झगडला. कुर्डुवाडीहून बार्शीकडे आज ब्रॉडगेजची गाडी धावते. त्या वाटेने गेलात, तर अडीच फुटी रुळांची आठवण जरूर काढा. आणि तुमच्या घरी कधीकाळी फियाट असेल, तर तिची कहाणी खाली अवश्य लिहा. #इतिहास #सोलापूर